मजेंटा कबुतरे आणि लाल कड्या

सुमारे अठरा वर्षे मी एक गोष्ट सांगत आलो. शाळांच्या विज्ञान मंडळांत सांगितली, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत सांगितली, एका दिवाळी अंकात लेख लिहून छापूनही आणली. ती गोष्ट मागे घेण्यासाठी हा लेख लिहितो आहे. पण नुसते 'चुकलो' म्हणून भागत नाही. ती कुठून आली, एवढी वर्षे का टिकली आणि शेवटी कशी ढासळली, याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आता तो इतिहासच मला मूळ गोष्टीपेक्षा अधिक रंगतदार वाटू लागला आहे.

गोष्ट अशी. झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला, चिमणीपेक्षाही लहान पक्षी. आपल्याकडे पिंजऱ्यातले पक्षी विकणाऱ्या दुकानांत तो नुसता 'फिंच' म्हणून मिळतो. नराची चोच लालभडक, गालावर नारिंगी डाग, छातीवर झेब्र्यासारखे बारीक पट्टे. मादी राखाडी, तिची चोच नारिंगी. हा पक्षी जोडीने राहतो आणि पिंजऱ्यात सहज वीण करतो, त्यामुळे प्रयोगशाळांचा लाडका. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात नॅन्सी बर्ली यांनी असे पक्षी पाळले होते. एकेक पक्षी ओळखता यावा म्हणून पायात रंगीत प्लॅस्टिकच्या कड्या घालायच्या, ही पक्षी-अभ्यासकांची जुनी रीत. बर्लींना दिसले, की माद्या लाल कडीच्या नरांजवळ जास्त रमतात आणि हिरव्या कडीच्या नरांना टाळतात. नरांना काळ्या कडीच्या माद्या आवडतात, फिकट निळ्या कडीच्या आवडत नाहीत. १९८१ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी आणखी पुढचे सांगितले. लाल कडीच्या बापांच्या घरट्यांत मुलगे जास्त, काळ्या कडीच्या आयांच्या घरट्यांत मुली जास्त. जो देखणा ठरला, त्याच्या वळणाची संतती अधिक.

एवढे सांगून मी क्षणभर थांबत असे. मग म्हणत असे, "माणसाने नुसती ओळखीची खूण घातली, आणि तिकडे कुणाचा संसार थाटला, कुणाचा मोडला!" टाळ्या हमखास पडत.

चारेक वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात टाळ्या पडून गेल्यावर मागच्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले, आयुष्यभर ज्वारीच्या वाणांच्या चाचण्या घेतलेले. म्हणाले, "सर, पक्षी किती होते?"

मला प्रश्नच कळला नाही.

"लाल कडीचे किती, हिरव्या कडीचे किती? आणि प्रयोग पुन्हा कुणी कुणी करून पाहिला? आमच्याकडे एका वाफ्यावरून वाणाची शिफारस करत नाहीत, म्हणून विचारले."

मी काहीतरी सारवासारव केली. मी बी.कॉम. झालेला माणूस, दुसऱ्यांचे हिशेब तपासणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पावतीशिवाय मी कुणाचा चहाचा खर्चही मान्य करत नाही. निसर्गशास्त्र मी जुन्या पुस्तकांवर आणि रात्रीच्या वाचनावर शिकलो, आणि तिथे मात्र इतकी वर्षे एकही पावती मागितली नव्हती. त्या प्रश्नानंतर मागू लागलो. आधी मागे गेलो, थेट डार्विनपर्यंत.

डार्विनला मोराच्या पिसाऱ्याने छळले होते. नैसर्गिक निवडीत जगायला उपयोगी ते टिकते. मग धड उडू न देणारा, शत्रूला लांबून दिसणारा हा पिसारा टिकला कसा? मोराचे पीस पाहिले की मळमळते, असे त्याने १८६० साली एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्रात कळवले होते. उत्तर त्याने १८७१ साली 'द डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात सविस्तर मांडले. नर आपसांत झुंजतात हे एक. पण त्याहून धाडसाचे विधान असे, की मादी पाहते, तुलना करते आणि निवडते. लांडोरींच्या डोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, म्हणून मोर असा आहे. याला त्याने लैंगिक निवड म्हटले.

व्हिक्टोरियन इंग्लंडला झुंजणारे नर पटले, निवडणाऱ्या माद्या पटेनात. सेंट जॉर्ज मिव्हार्ट या टीकाकाराने म्हटले, की मादीची आवड म्हणजे लहर. लहरीतून स्थिर रंगरूप कसे घडेल? या आक्षेपात विज्ञान किती आणि घरातल्या बायकांविषयीचे मत किती, हे वाचकाने ठरवावे. आल्फ्रेड वॉलेस यांचा आक्षेप मात्र वजनदार होता. नैसर्गिक निवडीचा शोध ज्यांनी डार्विनच्या बरोबरीने लावला तेच हे वॉलेस. नर पिसारा फुलवतात हे त्यांना मान्य होते. पण बारीकसारीक रंगभेद पाहून मादी निवड करते याला पुरावा काय, हा त्यांचा सवाल होता. १८८९ सालच्या 'डार्विनिझम' या पुस्तकात त्यांनी झळाळत्या रंगांचे श्रेय नराच्या अंगच्या जोमाला दिले.

पुरावा मिळवायचा कसा? नराचे रूप बदलायचे आणि मादी काय करते ते पाहायचे. ही कल्पना डार्विनला सुचली होती. विल्यम टेगेटमायर हे कोंबड्या-कबुतरांतले मोठे जाणकार त्याच्या ओळखीचे होते. डार्विनच्या सांगण्यावरून त्यांनी आपली काही कबुतरे मजेंटा रंगात रंगवली. मजेंटा म्हणजे तेव्हाचा नवाकोरा रासायनिक रंग; १८५९ सालच्या मजेंटाच्या लढाईवरून त्याला नाव पडलेले. लंडनच्या फॅशनमध्ये तो गाजत होता. कबुतरखान्यात त्याचे काय झाले, ते पुढे सांगतो.

मधली पन्नास-साठ वर्षे या प्रश्नाला बरे दिवस नव्हते. अपवाद म्हणून एका जोडप्याचा उल्लेख करायलाच हवा, कारण तेही माझ्यासारखे मुख्य रस्त्याच्या कडेने चालणारे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जॉर्ज पेकहॅम शाळेत शिकवत. ते आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ मिळून उड्या मारणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास करत. आपल्या भिंतींवर टुणकन उडी मारून माशी पकडणारा कोळी असतो, त्याच कुळातले हे. या कोळ्यांची नजर तीक्ष्ण, आणि नर मादीपुढे रंगीत पाय उंचावून नाचतात. नेमका जो भाग सजलेला, तोच नर मादीच्या नजरेसमोर धरतो, हे पेकहॅम दांपत्याने १८८९च्या सुमारास तपशिलाने नोंदवले आणि डार्विनची बाजू घेतली. निरीक्षण अस्सल होते. पण रूप बदलून पाहण्याचा प्रयोग नव्हे.

त्यानंतरचे मोठे नाव रोनाल्ड फिशर. लैंगिक निवडीचे गणिती अंगाने पहिले नीट स्पष्टीकरण त्यांचे. मादीला लांब शेपूट आवडली, की तिच्या मुलग्यांना लांब शेपूट मिळते आणि मुलींना लांब शेपटीची आवड मिळते. आवड आणि शेपूट एकमेकींना ओढत नेतात, आणि शेपूट वाढत जाते, जगणे जड होईपर्यंत. हे बीजरूपाने १९१५ साली आणि पुरते १९३० सालच्या ग्रंथात आले. पण त्या निवृत्त गृहस्थांना फिशर आणखी एका कारणाने ठाऊक होते. १९१९पासून फिशर इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात होते. चाचणीचे वाफे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटावेत, प्रत्येक वाणाची पुनरावृत्ती करावी, तुलनेसाठी साधा वाफा ठेवावा, तरच फरक खरा की योगायोग हे कळते, ही शिस्त त्यांनी तिथे घालून दिली. १९३५ साली त्यावर पुस्तक लिहिले. म्हणजे मोराच्या शेपटीचा सिद्धांत आणि ज्वारीच्या वाफ्यांची शिस्त ही एकाच डोक्यातली. पण कितीतरी वर्षे पक्ष्यांच्या अभ्यासकांनी त्यातला सिद्धांत उचलला, शिस्त शेतकी खात्याकडेच राहू दिली.

उदाहरण देतो. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधले जी. के. नोबल यांनी १९३६ साली फ्लिकर नावाच्या सुतार पक्ष्यावर लेख लिहिला. या जातीत नराला चोचीपाशी काळी मिशी असते, मादीला नसते. नोबल यांनी जोडीतल्या मादीला पकडून काळी मिशी चिकटवली. तिच्याच नराने तिच्यावर हल्ला केला. मिशी काढल्यावर पुन्हा स्वीकारले. किती सुंदर प्रयोग! आणि किती पक्षी? एक जोडी. मीही ही गोष्ट सांगितली आहे, अर्थात.

शिस्तीने केलेला प्रयोग पाहायचा तर १९८२ सालात यावे लागते. स्वीडनचे माल्टे अँडरसन केनियातल्या किनांगोप पठारावर गेले. तिथे लांब शेपटीचा विडोबर्ड असतो. आपल्या सुगरणीच्या कुळातलाच. मादी चिमणीसारखी मातकट. नर काळा, आणि विणीच्या काळात त्याची शेपूट अर्धा मीटर. अँडरसन यांनी छत्तीस नर पकडले आणि चौघाचौघांचे नऊ गट केले. प्रत्येक गटात एकाची शेपूट कापून चौदा सेंटिमीटरच्या आसपास ठेवली. कापलेला भाग दुसऱ्याला झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडून त्याची शेपूट सुमारे पंचवीस सेंटिमीटरने वाढवली. तिसऱ्याची कापली आणि जशीच्या तशी जोडून दिली, म्हणजे कात्री आणि गोंद यांचाच परिणाम होतो का ते कळावे. चौथ्याला हात लावला नाही. मग प्रत्येकाच्या हद्दीत नवी घरटी किती झाली ते मोजले. लांबवलेल्या शेपटीच्या नरांकडे सर्वांत जास्त. आखूड झालेल्यांनी आपली हद्द गमावली नव्हती, म्हणजे इतर नरांपुढे ते हरले नव्हते. माद्याच दुसरीकडे गेल्या होत्या. वॉलेस यांच्या सवालाला उत्तर द्यायला शतक लागले. हा लेख वाचताना मला तिसऱ्या नराचे फार कौतुक वाटले. शेपूट कापून घेऊन तीच परत मिळालेला तो पक्षी म्हणजे साऱ्या प्रयोगाची पावती.

बर्ली यांच्या कड्या नेमक्या याच वर्षांत आल्या, आणि लोक अशा गोष्टीसाठी भुकेले होते. अँडरसन यांनी निसर्गात असलेली शेपूट वाढवली होती; बर्लींनी तर निसर्गात नसलेली वस्तू घातली होती. पक्ष्याच्या डोळ्यात जन्मजात आवड दडलेली असते आणि प्लॅस्टिकची कडीही तिला जागे करते, असा त्याचा अर्थ निघत होता. पुढे लेखांची रांग लागली. लाल कडीचे नर जास्त जगतात. त्यांच्या जोडीदारणी पिलांसाठी जास्त राबतात. १९९४ साली स्वॅडल आणि कथिल यांनी 'नेचर'मध्ये लिहिले, की दोन्ही पायांत सारख्या कड्या असलेले नर माद्यांना विजोड कड्यांच्या नरांपेक्षा आवडतात. १९९८ साली बर्ली आणि सिमान्स्की यांनी फिंचच्या डोक्यावर पिसांचे तुरे चिकटवले आणि पांढरा तुरा आवडतो असे सांगितले. पाठ्यपुस्तकांत प्रकरणे झाली. रानात पक्ष्यांना कड्या घालणारे कोणता रंग वापरावा याचा विचार करू लागले. या साऱ्याचा सांडलेला प्रकाश माझ्यापर्यंत पोचला, आणि मी तो पुढे तालुक्यात वाटला.

आता पावतीकडे.

जर्मनीत बव्हेरियातल्या सीविझन इथे माक्स प्लांक संस्थेचे पक्षिशास्त्र केंद्र होते. तिथे वोल्फगांग फोर्स्टमायर यांनी अनेक वर्षे झेब्रा फिंच पाळले. त्यांच्याही पायांत रंगीत कड्या. २०१२ साली त्यांनी आणि सेगिन यांनी चार प्रयोगांचा निकाल छापला. कडीच्या रंगाने नराच्या प्रणयाराधनात वा वजनात फरक पडत नाही. मग २०१८ साली 'इव्होल्यूशन'मध्ये दाइपिंग वांग, फोर्स्टमायर आणि सहकाऱ्यांचा मोठा लेख आला. त्याचे शीर्षकच बोचरे आहे. पाठ्यपुस्तकातले जे 'ज्ञान' पुन्हा करून दाखवता येत नाही त्याविषयी. चार निरनिराळ्या पाळीव समूहांवर आठ प्रयोग, एकूण ७३० पक्षी. कडीच्या रंगाचा संततीच्या यशाशी संबंध किती? काहीच नाही. नराच्या बाबतीत नाही, मादीच्या बाबतीतही नाही. समूह बदलला तरी नाही. आणखी तीन प्रयोगशाळांतली कधीच न छापलेली माहिती मागवून जोडली. तिनेही हेच सांगितले.

यापुढचा भाग मी तीनदा वाचला, कारण तो माझ्या धंद्याचा होता. कडीच्या परिणामाविषयीचे आजवरचे एकोणचाळीस लेख त्यांनी तपासले. 'परिणाम नाही' एवढेच सांगणारे त्यांत फक्त आठ. परिणामाच्या बाजूने स्पष्ट बोलणारे तेवीस लेख. त्या साऱ्यांतले पक्षी एकत्र केले तरी ते या एका लेखातल्या पक्ष्यांपेक्षा कमी भरतात. आणि जिथे पक्षी जास्त, तिथे परिणाम नाहीसा होतो. कुणी लबाडी केली असा याचा अर्थ मुळीच नाही. वीस ठिकाणी वीस जणांनी थोडे थोडे पक्षी घेऊन पाहिले, तर योगायोगाने काहींना फरक दिसणारच. ज्यांना दिसला त्यांनी लेख लिहिले. ज्यांना दिसला नाही त्यांना वाटले, आपलेच काही चुकले असेल. वही खणात गेली. जमेच्या पावत्या फायलीत आणि खर्चाच्या खणात, असा ताळेबंद माझ्याकडे आला तर मी सही करणार नाही. तसा ताळेबंद मी अठरा वर्षे जाहीर वाचून दाखवला.

हे एकट्या फिंचपुरते असते तर सोडून दिले असते. आपल्या चिमण्याच्या गळ्याखाली काळा डाग असतो. डाग मोठा तर चिमणा थव्यात वरचढ, म्हणजे डाग हा हुद्द्याचा बिल्ला, हे सामाजिक खुणांचे गाजलेले उदाहरण. २०१८ सालीच अल्फ्रेडो सांचेझ-तोहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलेली व न छापलेली माहिती एकत्र मांडली. न छापलेल्या आकड्यांत परिणाम छापलेल्यांपेक्षा लहान निघाला, आणि सगळे मिळून तो आहे की नाही हेच खात्रीने सांगता येईना. माझ्या खिडकीशी येणाऱ्या चिमण्यांत डागावरून 'साहेब' ओळखायचा खेळ मी नातवाला शिकवला होता. तोही थांबला.

मग मोराचे काय, हे वाचक विचारतील. विचारायलाच हवे. मॅरियन पेट्री आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या व्हिप्स्नेड प्राणिउद्यानात मोकळे फिरणारे मोर पाहिले आणि १९९१ साली सांगितले, की ज्याच्या पिसाऱ्यात डोळे जास्त त्याच्याकडे लांडोरी जास्त. मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या इझू इथल्या उद्यानात सात वर्षे मोर पाहिले आणि २००८ साली सांगितले, की असा संबंध दिसत नाही. दोन्ही ठिकाणचे पक्षी आपल्याच जातीचे, परदेशी स्थायिक झालेले. बरीच बाचाबाची झाली. २०११ साली रॉझलिन डेकिन आणि रॉबर्ट मॉन्टगोमेरी यांनी मोजणी आणि काटछाट दोन्ही करून पाहिली. पिसाऱ्यातले वीसेक डोळे कापून कमी केले तर मोराचे यश घटते. पण धडधाकट मोरांमधल्या नेहमीच्या फरकाने, म्हणजे एकाला दहा डोळे जास्त नि दुसऱ्याला कमी, याने निवड ठरत नाही. म्हणजे पिसारा लागतो. पण लांडोर डोळे मोजत बसते असे नाही. डार्विनचे मूळ म्हणणे यात टिकते, आम्ही त्याला लावलेली झालर टिकत नाही. माझ्या मते आज या विषयाची स्थिती साधारण अशीच आहे.

२०१८चा तो लेख छापून घेऊन मी त्या निवृत्त गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांनी मजकूर सोडून आधी आकड्यांचा तक्ता उघडला, चष्मा कपाळावर सरकवून तक्त्यावर बोट फिरवले. "पुनरावृत्ती चांगल्या आहेत," म्हणाले. मग विचारले, "आता व्याख्यानात काय सांगणार?" मी म्हटले, तिसऱ्या विडोबर्डची गोष्ट सांगेन. "कळेल लोकांना?" म्हणाले. अजून पुरते जमलेले नाही. टाळ्या कमी पडतात हे खरे आहे.

राहता राहिली टेगेटमायर यांची कबुतरे. 'द डिसेंट ऑफ मॅन'च्या चौदाव्या प्रकरणात डार्विनने त्यांचा निकाल एका वाक्यात दिला आहे. रंगवलेल्या पक्ष्यांकडे बाकीच्या कबुतरांनी फारसे लक्ष दिले नाही. प्रयोग त्याच्याच सांगण्यावरून झालेला, निकाल त्याच्याच सिद्धांताला गैरसोयीचा, आणि छापला त्यानेच, खणात न टाकता. माझी प्रत पुण्यात रद्दीच्या दुकानात घेतलेली, दोनदा पूर्ण वाचलेली. त्याच प्रकरणात सर आर. हेरन यांच्या लांडोरींची हकीकत आहे. त्यांचा लाडका म्हातारा कबरा मोर कोंडून ठेवला, तर त्या त्याच्या जाळीपाशी गोळा होत आणि दुसऱ्या मोराला जवळ येऊ देत नसत. त्या हकिकतीखाली माझ्या पेन्सिलीच्या दोन जाड रेघा आहेत, समासात उद्गारचिन्ह आहे. कबुतरांच्या वाक्याखाली काहीच नाही.